पाटकऱ्याचं फावडं

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, गावाचे पाटकरी. पणजोबांच्या काळच्या दगडी बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतोशेती वाटायचं, हे त्यांचं काम. पाऊस बेताचा, म्हणून नियम कडक. पाणी आधी पाटाच्या शेपटीकडच्या शेताला, बंधाऱ्याजवळच्याला शेवटी. त्यामुळे वरच्यालाही सगळा पाट साफ ठेवावाच लागतो. पाणी वाहतं तोवर पाटकऱ्याने गाव सोडायचं नाही. वरची आणि खालची आळी ज्याला हो म्हणतील, त्याच्या हाती फावडं दिलं की जुना पाटकरी सुटला. लबाड ठरला, तर मात्र त्याच दिवशी हाकलतात.

दाजींना वारस सापडेना. वरच्यांनी सुचवलेला खालच्यांना चोर वाटे, खालच्यांनी सुचवलेला वरच्यांना. दरम्यान बहिणीची नजर गेली आणि लेकीने तिला शहरात नेलं.

फोनवर ती दाजींना म्हणायची, "लग्न त्या पाटाशीच करायचं होतं! मी तरी दुसरीकडे नांदले असते."

"येतो गं. पाणी जरा आटू दे."

"त्याआधी मीच आटेन."

शेवटी दाजी मला म्हणाले, "उद्या गाडी घेऊन या. असं काही करतो की हे गावकरीच मला हाकलतील."

मी पोचलो तेव्हा त्यांनी भरदिवसा पाणी आधी वरच्या शेताला सोडलं होतं. पिशवी भरून तयार. शेपटीकडच्या शेताचा म्हातारा मालक तरातरा आला आणि पाटाकडे बघत राहिला.

"तात्या, खाली बांध फुटलाय की काय?"

"नाही. मुद्दाम सोडलं. लबाडी केली," दाजी म्हणाले.

म्हातारा खो खो हसला. "आम्हाला बनवता होय? उंदरांनी पोखरलं असणार. पाणी वाया जाऊ नये म्हणून आधी वर दिलंत. अरे, घमेली आणा!"

दोन्ही आळ्या पाटावर उतरल्या. शोधल्यावर बीळ सापडणारच, सापडलं.

वरचा मालक म्हणाला, "तात्या आहेत तोवर आपल्याला घोर नाही." खालच्यांनी माना डोलावल्या. या दोन आळ्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दाजींनी पिशवी माझ्या हातात दिली.

"पिशवी घरात ठेवा," ते म्हणाले. "आणि फोन तुम्हीच करा तिला. माझ्याच्याने व्हायचं नाही."

मग चपला काढून त्यांनी फावडं उचललं आणि शेपटीकडे निघाले. तिथलं शेत अजून कोरडंच होतं.