पाहुण्यांपुढची मॅनेजर

"फोटो झाला. मॅडम, तुम्ही आता जेवणाचं बघा."

मालक हे पंधरा जणांसमोर म्हणाले. पुण्याहून मोठं गिऱ्हाईक आलं होतं. उंब्रजजवळ आमचा कारखाना, प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग निघतात. तिथली प्रॉडक्शन मॅनेजर मी. आदल्या दिवशी मालकांनी बजावलं होतं, "साडी नेसून या." नेसले. मधोमध उभी राहिले. मग मीटिंगच्या खोलीचं दार लागलं. मी बाहेर. आत माझ्या हाताखालचा सुपरवायझर जाधव माझंच काम समजावून सांगत होता.

आणि मी खरंच जेवणाचं बघितलं. भाकऱ्या गरम आहेत का, पापड सादळले नाहीत ना. त्याची लाज अजून वाटते.

माझा बाप माणदेशात मेंढरं राखायचा. मी कराडला इंजिनिअरिंग केलं, सतरा वर्षं मशीनवर काढली. एकदा कामगारांवर आवाज चढवला तर मालक हसून म्हणाले, "मेंढरं हाकायची सवय आहे, जाईल हळूहळू." सगळे हसले. मीपण हसले.

जेवणाची गोष्ट संध्याकाळपर्यंत शेडमध्ये पोचली. चार दिवसांनी एका प्रेसचा सेन्सर बिघडला. हात आत असला तरी प्रेस खाली येणार. मी म्हणाले, "बंद करा."

जाधवनं मोबाईल काढला. "थांबा मॅडम, सायबांस्नी इचारतो."

मालकांनी फोनवर सांगितलं, माल आजच जायचाय, चालू ठेवा.

प्रेसवर मलकापूरची सुनीता होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग जाधवकडं. आणि प्रेस चालू केली. मी केबिनमध्ये जाऊन बसले. नुसती बसले.

दहा मिनिटांत किंकाळी ऐकू आली. हातमोजा प्रेसखाली गेला होता. तिनं हात हिसकून घेतला म्हणून बोट राहिलं. नख गेलं. मी रुमाल बांधत होते, तर ती म्हणाली, "मॅडम, तुमचं कोण ऐकतंय तरी का हितं?"

मालकांचं बोलणंही इतकं लागलं नव्हतं.

मी प्रेसचा मेन स्विच पाडला. कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. मालक धावत खाली आले.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच न्हाई. माझं काम हाय ते."

"खुर्ची मी दिलीय. काढून घेईन."

"घ्या. पर सेन्सर बसल्याबिगर किल्ली मिळायची न्हाई."

गावाकडची बोली त्यांच्यापुढं पहिल्यांदाच तोंडातून निघाली. अख्खी शेड ऐकत होती. कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सेन्सर बसला. त्याच दिवशी मला नोटीस आली. लेखी माफी मागा.

मी उत्तर लिहिलंय. माफी मागणार नाही. यापुढं माझा हुकूम फिरवायचा असेल, तर मालकांनी स्वतः शेडमध्ये यावं, सगळ्यांदेखत माझ्याशी बोलावं. जाधवच्या मोबाईलवरून फिरवलेला हुकूम मी मानणार नाही. पटत नसेल तर मला काढा. लेखी कारण देऊन काढा. आपणहून मी जाणार नाही.