काकूंचा ‘पण’

मीटरकाकांचं खरं नाव त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि बहुतेक तिथेच राहिलं. विजेच्या कंपनीत मीटर वाचायचं काम. जन्मभर हा माणूस लोकांच्या जिन्याखाली आणि न्हाणीघरामागे वाकून, हातात टॉर्च धरून आकडे टिपत फिरला. ते गल्लीत शिरले की ‘मीटरकाका आले, कुत्रं बांधा’ अशी हाकाटी व्हायची, आणि तेच नाव त्यांना चिकटलं. मग त्यांच्या बायकोलाही आपोआप सगळे काकू म्हणायला लागले. ती बिचारी तेव्हा विशीतली होती आणि काकू व्हायची तिला मुळीच घाई नव्हती.

सगळं शहर काकांच्या पायाखालचं. त्यातही बेकऱ्या आणि कॉफीची दुकानं त्यांना आतून माहीत, म्हणजे अगदी मागच्या दारापासून. त्यांचं साधं गणित होतं. ज्या बेकरीच्या मीटरची चकती सकाळी सकाळीच गरगर फिरत असेल, तिथला माल तिथेच भाजलेला. चकती पेंगत असेल, तर माल बाहेरून आणून काचेत मांडलेला. पाटीवर ‘ताजे’ लिहा नाहीतर ‘अतिताजे’ लिहा, मीटर कुणाची भीड ठेवत नाही, असं काका म्हणत.

आठवडाभर त्यांनी अशी दुकानं हेरून ठेवायची आणि रविवारी काकूंना घेऊन निघायचं, हा त्यांच्या संसाराचा नेम. दोघांना मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं त्या दुःखाने घर खायला उठायचं, तेव्हा पायात चपला घालून कुठेतरी जाणं हाच उपाय होता. पुढे दुःख निवळलं, चपला राहिल्या.

घड्याळवाल्यांच्या गल्लीत एक बहिरा म्हातारा क्रीम रोल करायचा. दुकान एवढं चिंचोळं की त्याने दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. आजूबाजूला शेकडो घड्याळांची टिकटिक आणि मधोमध हा एकटाच सुखी माणूस. छापखान्यांच्या मागे जाम भरलेले पाव मिळायचे. ते बांधून देणाऱ्याच्या बोटांना शाई असायची, म्हणून पुडक्यावर त्याचे ठसे उमटायचे. नदीपलीकडे कॉफी उंच ग्लासात मिळायची आणि ग्लास इतका तापलेला, की लोक रुमालात धरून प्यायचे. काकू एकदा रुमाल विसरल्या म्हणून त्यांनी काकांच्या शर्टाच्या टोकाने ग्लास धरला होता. भर दुकानात, नवऱ्याला जवळ ओढून. काका त्या दिवशी कॉफी विसरले.

आता घड्याळवाल्यांच्या गल्लीत मोबाइलची कव्हरं मिळतात. छापखाने गेले, शाईही गेली. काका तिथून जाताना अजूनही मान वळवून बघतात आणि मग उगाच घसा खाकरतात.

या सगळ्या भटकंतीत निकाल द्यायचं काम काकूंचं. काका निकालाच्या कामाचे नव्हतेच. त्यांना सगळंच मस्त लागायचं. करपलेला टोस्ट मस्त, शिळा केकही मस्त. ‘तुम्हाला बशीत पुठ्ठा वाढला तरी मस्तच म्हणाल,’ असं काकू म्हणायच्या, आणि ते काही फार खोटं नव्हतं. काकूंचं तसं नव्हतं. त्या एक घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि मग म्हणायच्या, “छान आहे, पण…”

हा ‘पण’ शहरभर गाजला होता. छान आहे, पण दालचिनी घालताना हात घसरलाय. छान आहे, पण कालचा आहे. छान आहे, पण यात लोणी नाही, लोण्याची नुसती आठवण आहे. बेकरीवाले आधी तोंड वाकडं करायचे आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने सुधारून ठेवायचे. गोदीजवळच्या कॉफीवाल्या बाई तर स्वतःच्या हाताने दाणे भाजायच्या आणि काकू आल्या की काउंटर सोडून टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. “बोला काकू, आज माझं काय चुकलं?” असं विचारायच्या. दोघींची त्यावरून मिनिटभर तरी जुंपायची. काकूंच्या ‘पण’शिवाय बाईंना रविवार झाल्यासारखाच वाटत नसे.

गेल्या हिवाळ्यात काकूंना ताप आला. साधा वाटला, तरी बरेच दिवस रेंगाळला. त्या उठून पुन्हा हिंडायला लागल्या आणि काकांचा जीव भांड्यात पडला. रविवार पुन्हा सुरू झाले. फरक एकच पडला. काकू आता घास घेऊन म्हणायच्या, “छान आहे.” आणि तिथेच थांबायच्या.

पहिल्यांदा काकांना बरं वाटलं. “म्हातारपणी गोड झालीस हो,” असं म्हणून त्यांनी चिडवलंही. काकू हसल्या. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी तोच निकाल, तसंच हसू. काका मनातून जरा बिचकले. चाळीशी उलटल्यावर चष्मा लागावा तसं माणसाला शहाणपणही लागत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसरं काही मनात आणायचं त्यांना धैर्यच नव्हतं.

मग एका रविवारी ते गोदीजवळच्या दुकानात गेले. कप आले. काकांनी घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी मस्त लागलं नाही. कॉफी चक्क जळकी होती. काकांना आतून गुदगुल्या झाल्या. आता बघा, आता बाईंची काही धडगत नाही, या खुशीत ते काकूंच्या तोंडाकडे बघत बसले. काकूंनी घोट घेतला. डोळे मिटले.

“छान आहे,” त्या म्हणाल्या आणि दुसरा घोट घेतला.

तेवढ्यात कॉफीवाल्या बाई पदराला हात पुसत धावत आल्या. “काकू, ठेवा तो कप. पिऊ नका. नवीन यंत्र घेतलंय मेलं, दाणे पार करपले. सगळ्यांचे कप परत घेतेय मी.”

काकूंचा कप निम्मा झाला होता. बाईंनी कपाकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग काकांकडे. शहाण्या बाई. त्यांनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. काकू टेबलावरची सांडलेली साखर बोटाने गोळा करत राहिल्या.

बाहेर आल्यावर दोघं गोदीच्या भिंतीपाशी बाकावर बसले.

“कधीपासून?” काकांनी विचारलं.

“तापापासून. वास नाही, चव नाही. सगळं ओल्या कागदासारखं लागतं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. कदाचित नाही यायची.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असता, राहू दे, नको जाऊया. निवृत्त झालात तेव्हाचं विसरलात वाटतं. रोज सकाळी आपल्याच घरातल्या मीटरसमोर टॉर्च घेऊन उभे राहायचात. मला वर ओरडून आकडा सांगायचात. मी कपाळाला हात लावून बसायचे.” काकू हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. “रविवार बंद पडला असता तर तुम्ही परत तिथेच जाऊन उभे राहिला असता. इतकी वर्षं तुम्ही जे मिळेल ते गोड मानून घेतलंत. म्हटलं, आता जरा मी घेऊन बघते.”

काकांना राग आला, तो स्वतःचाच. एवढे महिने ही बाई शेजारी बसून ओला कागद चावत होती आणि आपण मजेत तिला चिडवत होतो. रविवार संपला, असंही त्यांना त्या क्षणी वाटलं. ते उठले आणि चालायला लागले.

“अहो, कुठे निघालात?”

ते कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरले. परत आले ते हातात लिंबाच्या केकचा एकच तुकडा घेऊन.

“मला नको,” काकू म्हणाल्या. “वाया जाईल.”

“तुला देतोय कोण? मी खातो, तू ऐक.”

काकांनी घास घेतला. “मस्त आहे.”

“मस्त म्हणजे काय? नीट सांगा की.”

काका अडले. त्यांनी पुन्हा घास घेतला आणि या वेळी, कधी नव्हे ते, डोळे मिटले. “बाहेरून जरा कडक आहे. आत मऊ. लिंबाची साल किसून घातलीय, ती शेवटी कडवट लागते. पण वाईट कडवट नाही.”

“साखर?”

“जास्त आहे.”

“जास्त म्हणजे कशी? दाताला लागते की घशाला?”

काकांनी नीट विचार केला. “घशाला.”

“मग पाक ओतलाय वरून,” काकू म्हणाल्या. त्यांनीही डोळे मिटले होते. “गरम केकवर ओतला असणार. तळाला ओलसर लागतोय का बघा.”

काकांनी तळ चाखला. खरंच ओलसर होता. एवढ्या वर्षांत आपण खाल्लं म्हणजे नुसतं गिळलं, चव सगळी हिच्याच तोंडून घेतली, हे त्यांना कळलं. त्यांनी घाईघाईने मोठा घास तोडला.

काकूंनी डोळे न उघडताच त्यांचा हात धरला.

“सावकाश खा हो,” त्या म्हणाल्या. “मला एवढ्यात संपवायचा नाहीये.”