छप्पर गळत नव्हतं, बापूभावजी

आमचं छप्पर कधीच गळत नव्हतं. मी खोटं बोलले होते.

ज्यांच्याशी खोटं बोलले ते माझे धाकटे दीर, बापूभावजी. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

सकाळी वारूळवाडीच्या घरी फोटोला हार घातला. सगळ्यांनी त्यांच्या आठवणी सांगितल्या. माझी पाळी आली तेव्हा मी चहा टाकायला उठले.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली कन्फेशनला, फादरपुढे चूक कबूल करायला, आत जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर पाय हलवत बसायचो.

मी फार वर्षं त्या बाकावरच बसून आहे.

बापूभावजी मावळे जमवायचे. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं मांडतात ते, मातीचे. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. भावजी तेव्हा तीस-बत्तीसचे. नारायणगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान.

लोक बेल्ह्याच्या बाजारातून बैल घेऊन यायचे. भावजी कागदात गुंडाळलेला एक मावळा.

आणि त्यापायी वैताग तरी किती! मावळे बाजारात दिसणार वर्षातून पंधरा दिवस. एका गावचा स्वार दुसऱ्या गावच्या घोड्यावर बसत नाही. भाल्याची काडी घरी पोचेपर्यंत निसटलेली. एसटीत मांडीवर शर्टात गुंडाळून आणले, तरी कुणाची तरी पिशवी लागायची आणि एखाद्याचा हात जायचा.

"डोळा बघा वैनी याचा. पार कानापाशी काढलाय. ह्यो लढाईत कुणाला बघणार?"

"शेजारच्याला," मी म्हणायचे.

"मंग फितूरच की राव ह्यो!"

सासूबाई चुलीपुढून ओरडायच्या, "एवढा बाप्या झाला, आन बाव्हल्या खेळतोय."

"बाव्हल्या न्हाईत आये, मावळे हायेत."

"मंग त्यास्नीच सांग भाकरी थापाया."

निरगुडसरला एक म्हातारी कुंभारीण होती. साचा न वापरता हाताने मावळे करायची. प्रत्येकाचं तोंड वेगळं. भावजींना तिचा तुतारीवाला हवा होता. तीन दिवाळ्या हेलपाटे घातले. दर वेळी एकच उत्तर. "औंदा नाय केला रं. बोटं वळंनात."

चौथ्या वर्षी मिळाला. गाल फुगवलेला, मान जराशी वाकडी. त्या दिवशी भावजी ताट वाढलं तरी उठले नाहीत. त्याच्याकडे बघत बसले.

सगळे मावळे माळ्यावर असायचे. टोमॅटोच्या लाकडी क्रेटमध्ये, पेंढ्यात निजवलेले.

मग एका वर्षी निरोप आला. दसऱ्यानंतर भावजींना बघायला पाहुणे येणार.

मला धास्ती बसली. चार जाणती माणसं घर बघणार, आणि म्हणणार की नवरा मुलगा बाहुल्या खेळतो. मी पुण्याहून आलेली. घराची अब्रू मलाच जास्त कळते, असा माझा समज.

भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, असं सासूबाई म्हणायच्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तेव्हा सोयीपुरता ठेवला.

दसऱ्याचे घट नदीवर न्यायचे होते. पाटीत घटाची माती, उगवलेलं पिवळं धान आणि खाली, कपड्यात झाकलेले, मावळे. भावजी दुकानात होते.

मीना नदीत आधी हात मोडलेले सोडले. मग धड असलेलेसुद्धा.

तुतारीवाला सगळ्यात शेवटी. कच्ची माती ती. वेळ लागला नाही.

दोन दिवसांनी पाहुणे आले. मुलीचे वडील मोकळे गृहस्थ. "दुकान सोडून दुसरा काय नाद, पावणं?"

भावजी लाजले. "मावळे जमवतो. किल्ल्यावरचे."

वडील मोठ्याने हसले. "आरं तिच्या! आमची पोरगी अजून दरसाली किल्ला करती. लई याड तिला. दावा की!"

भावजी शिडी चढून माळ्यावर गेले. क्रेट सरकवल्याचा आवाज आला. मग पेंढा उपसल्याचा.

रिकाम्या हातांनी खाली आले.

माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. मी म्हणाले, "भावजी, पावसात वर गळलं होतं. सगळ्यांचा चिखल झाला. मीच गोळा करून टाकला. तुम्हाला सांगायचं राहिलं."

किती सहज म्हणाले!

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वर छपराकडे बघितलं.

"माझंच चुकलं वैनी. मी कौलं बघाया पायजे व्हती."

ती सोयरीक जुळली नाही. पाहुण्यांनी कारण कळवलं नाही. मावळ्यांमुळे मोडली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ते माळ्यावर असते तर, हा विचार मला सोडत नाही.

भावजींनी पुढे लग्न केलं नाही. पुन्हा कधी मावळाही आणला नाही.

"आणून ठिवू कुठं? वर गळतंय."

त्यानंतर दर मे महिन्यात ते स्वतः छपरावर चढायचे. शाकारणीला माणूस मिळत असतानाही. एकेक कौल उचलून बघायचे. गुडघे दुखायला लागले तरी. अगदी गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत.

खाली शिडी धरायला मी.

"सापडलं का?" मी विचारायचे. हो, विचारायचे.

"न्हाई वैनी. पण हाय कुठंतरी."

दरवर्षी शिडी धरलेली असताना ठरवायचे, ते उतरले की सांगायचं. ते उतरायचे, हात शेवाळाने काळे झालेले, आणि म्हणायचे, "च्या टाका."

मी चहा टाकायचे.

यंदा मे महिन्यात छपरावर कोणी चढलं नाही. जून गेला. जुलैही गेला. आज सगळे जेवून पांगल्यावर मी माळ्यावर गेले. क्रेट अजून तिथेच आहे. आत हात घातला.

पेंढा कोरडा ठणठणीत.

भावजी, आता शोधू नका. कौल एकही फुटलेलं नव्हतं.

मला माफ करा.

तुमची वैनी