मामीचं वांगं आणि मामाजींचा हात

वांग्याला विचारल्याशिवाय त्याची भाजी न करणारी बाई साऱ्या छत्तीसगडात एकच असेल, आणि ती माझी मामी आहे. भिलाईच्या सेक्टरमधल्या तिच्या क्वार्टरात बाजारातून आलेली भाजी आधी ओट्यावर रांगेत उभी राहते. मामी चष्मा लावते, एकेक वांगं देठाला धरून फिरवते, आणि एखाद्याच्या चेहऱ्यात तिला काही दिसलं तर ते बाजूला निघतं. उरलेल्यांचा रस्सा होतो. निवडलेल्याला मिऱ्यांचे डोळे मिळतात, काड्यांचे हातपाय मिळतात, आणि मग त्याला बोट लावायची घरात कुणाची टाप नसते. एकदा शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या आणि सवयीने ओट्याला टेकल्या. मामीने त्यांना तिथूनच थोपवलं. "जरा बाजूले व्हा न ताई, ते पायऱ्या चढून राहिलं." काकू दचकून मागे सरकल्या आणि कढीपत्ता न घेताच गेल्या.

मी तिच्याकडे शिकायला आले ती गोंदियाकडच्या एका खेड्यातून. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. दुर्गच्या कॉलेजात सगळं इंग्रजीतून चाले आणि मी मान हलवत बसे. त्याच दिवसांत मामी ॲनिमेशन शिकायला लागली होती. मुलं नोकरीसाठी दूर गेली होती, मामाजी स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते, आणि तिच्या फोनमध्ये हिंदीतून शिकवणारा एक तरुण अवतरला होता. वस्तूचा एक फोटो काढायचा, ती केसभर सरकवायची, पुन्हा फोटो काढायचा. सगळे फोटो भराभर पळवले की वस्तू आपोआप चालायला लागते, एवढीच त्याची विद्या होती. मामी त्याला सर म्हणे. सरांनी "समझ में आया?" असं विचारलं की ती फोनला मोठ्याने "नाही" म्हणे आणि धडा मागे नेई. धड्याच्या शेवटी सर हात जोडत, तेव्हा तीही पदर सारखा करून हात जोडी.

सरांची पहिली पायरी होती चेंडू उसळवणं. घरात चेंडू नव्हता, म्हणून मामीने लिंबू घेतलं. चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा जरा चपटा होतो, असं सरांनी सांगितलं होतं, आणि लिंबू काही केल्या चपटं होईना. "त्याले पडल्याचं काही वाटूनच नाही राहिलं," ती खिन्नपणे म्हणाली. मग लिंबं रगडून, उन्हात ठेवून, कोमट पाण्यात बुडवून मऊ करण्याचे प्रयोग झाले, आणि आम्ही सगळे सकाळ-संध्याकाळ सरबत पीत राहिलो. मी म्हटलं, मामी, पुढचा धडा तर बघ, हे नंतर जमेल. ती म्हणाली, "भात कच्चा असतानी कोनी वरन वाढते का?" तिने ते सहज म्हटलं होतं. मी मात्र आत जाऊन माझं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडलं, आणि न समजता मागे टाकलेले धडे एकेक करून शिजवले. माझी पदवी त्या लिंबावर उभी आहे असं मी सांगते, तेव्हा लोकांना गंमत वाटते.

लिंबू एकदाचं उसळलं आणि मामी चालण्याच्या धड्यावर आली. इथे वांग्याचा प्रवेश झाला. वांग्याची अडचण अशी की सकाळी तुकतुकीत असलेला नायक दुपारी सुरकुततो. सरांनी यावर काही सांगितलेलं नव्हतं. मामीने गोष्टच बदलली. तिच्या प्रत्येक गोष्टीत वांगं तरुणपणी ड्युटीवर निघतं आणि शेवटाला रिटायर होऊन घरी येतं. फ्लॉवर त्याची सासू, भेंड्या नणंदा, आणि सगळ्यांचे आवाज मामीचेच, तिच्या भंडाऱ्याकडच्या बोलीतले. गोष्टी मामीने उघडलेल्या चॅनेलवर जायला लागल्या, तेव्हा मुलाने फोन करून सुचवलं की आई, हिंदीत कर, जास्त लोक बघतील. ती म्हणाली, "वांगं भंडाऱ्याचं आहे. ते हिंदी कावून बोलन?"

या सगळ्यात मामाजी कुठे होते, तर जेवणाचं टेबल शूटिंगला गेल्यामुळे ते खाली चटईवर बसून जेवत होते. मामाजी प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. वितळलेल्या पोलादाचं भलंमोठं भांडं शेडच्या छताखालून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं, आणि ते झुलू द्यायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बोलणं कमी, वाकडी वस्तू दिसली की सरळ करायची, एवढीच एक खोड. एके दिवशी मामी फोनमधून बघत फोटो काढत असताना त्यांना वांगं कलतं उभं दिसलं, आणि जाता जाता त्यांनी ते सरळ केलं. मामीने सासूच्या आवाजात त्यांची हजेरी घेतली. पण हात आलेला फोटो तिने काढून टाकला नाही. उलट त्यांना पुन्हा उभं करून आणखी काढले. गोष्टीत घाईघाईने ड्युटीवर निघालेल्या वांग्यासमोर आभाळातून एक प्रचंड हात उतरला, त्याने वांग्याला सरळ केलं आणि निघून गेला. लोकांना तो हात फार आवडला. कुणीतरी खाली हिंदीत लिहिलं होतं, भाषा समझ में नहीं आई, पर अंकल का हाथ बढ़िया है. त्यानंतर प्रत्येक गोष्टीत हात आला. मामाजी शूटिंगच्या आधी साबणाने नखं घासत, आणि आपण ते बघितलं नाही असं आम्ही दाखवत असू.

मग तोच हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी औषधं दिली आणि हे हळूहळू वाढत जाईल हेही सांगितलं. मामाजींनी शर्टाची बटणं मामीकडे सोपवली, पण चहा कुणाच्या देखत प्यायचा नाही असं ठरवून टाकलं. संध्याकाळी व्हरांड्यात त्यांचे जुने सोबती जमायचे. ते आले की मामाजी आतल्या खोलीत जाऊन पडत आणि झोपले आहेत असं आम्ही सांगायचं. सोबती हळूहळू यायचे थांबले. चॅनेलवर मात्र लोक हाताची विचारपूस करत होते. मामीने ते त्यांना वाचून दाखवलं नाही, पण एका सकाळी टेबलावर वांगं मांडलं, त्याच्यापुढे कपबशी मांडली आणि त्यांना बोलावलं.

"या हाताचा शिनेमा काढतं?" मामाजी म्हणाले. "लोकायले तमाशा दाखवाचा आहे का?"

"तुमी फक्त हात ठेवा," मामी म्हणाली. "हलला तं हलू द्या. तो थांबन तवा मी फोटो काढीन. मले कोनती गाडी पकडाची आहे?"

मामाजींनी खुर्ची सरळ केली. मग बसले. कपात काही नाही हे पाहून म्हणाले, "भरून दे. रिकामा कप तं कोनीबी उचलन."

तो दिवस मी विसरणार नाही. कोपराखाली उशी, उशीवर मामाजींचा हात, पोळपाटाला टेकवलेला फोन, आणि समोर डोळे वटारून बसलेलं वांगं. मामी नुसती बघत राही. हात हेलकावे घेई, चहा बशीत सांडे, आणि मधेच एक क्षण असा येई की झाडावरचं पान थांबावं तसा तो थांबे. तेवढ्यात ती फोटो काढी. थांबला की नाही याची खात्री नसे, म्हणून ती काढतच राही. मग बशी पुसायची, कप पुन्हा भरायचा, हात केसभर वर न्यायचा. चहावर साय धरली तर तो ओतून नवा. मामाजी मधेच म्हणाले, थांबू या. ती म्हणाली, वांगं अजून ताजं आहे. ते खोटं होतं. वांगं कधीच रिटायर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने हललेले, पुसट फोटो बाजूला करून नेमके तेवढे जोडले आणि फोन मामाजींच्या समोर धरला. एक मोठा हात आला, त्याने काठोकाठ भरलेला कप उचलला आणि एक थेंब न सांडता, जरासुद्धा न झुलू देता, सरळ वर नेला. सारं एखाद्या घोटाएवढ्या वेळात संपलं. मामाजींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. संध्याकाळी ते चॅनेलवर गेलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा एक जुना क्रेनवाला सोबती जवळच्या चरोद्याहून आला. चॅनेलवर हात बघूनच आला होता. मी सवयीने "झोपले आहेत" म्हणायला तोंड उघडलं, तोवर मामाजी बाहेर येऊन बसलेही होते. चहा आला. कपबशी खडखड वाजली, अर्धा चहा बशीत गेला, थोडा पायजम्यावर. सोबत्याने सभ्यपणाने समोरच्या कडुनिंबाकडे नजर वळवली.

"इकडं पाय न," मामाजी म्हणाले. "हे मधले फोटो होत. बाई मंग काढून टाकते."

सोबती हसला, मामाजी हसले, आणि उरलेला चहा बशीतूनच संपला.

आता मी नोकरीला आहे, दुर्गच्या मोहन नगरला राहते आणि रविवारी मामीकडे जाते. तिचा फोन कायम भरलेला असतो. नवा फोटो निघत नाही म्हणून ती कुरकुरते आणि माझ्याकडे देते. या रविवारी बघितलं तर त्या दिवसाचे सगळे पुसट फोटो तसेच होते. हात इकडे, हात तिकडे, नुसती धुरकट हालचाल. सरांचे धडेसुद्धा तिने जागेसाठी पुसले होते, पण हे नाही. मी म्हटलं, मामी, हे तर लागत नाहीत, काढून टाकू?

"राहू दे न, बाई," ती म्हणाली. "तेबी त्यायचाच हात आहे."

मी फोन तिला परत दिला. आतून कपबशी वाजल्याचा आवाज आला. टेबलावर सकाळचं वांगं खिडकीतल्या उन्हात हळूहळू सुरकुतत होतं, आणि मामी त्याला कुणाला हात लावू देत नव्हती.