मोठ्या फळाची हौस

सयाजी काटकरने वाशीच्या फळबाजारात एकतीस वर्षं माथाडीचं काम केलं. डाळिंबाची पेटी डोक्यावर घेतली की आतलं फळ केवढं आहे, हे तो झाकण न उघडता सांगायचा. बाजाराने त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती: मोठं फळ वरच्या थरात बसतं, लहान तळाला जातं.

गावी, माण तालुक्यात, त्याची बायको राजाबाई दीड एकर डाळिंब एकटीने सांभाळायची. तिचं खत घालणं सयाजीला कंजूषपणाचं वाटे. ती माती तपासून आणायची, शेणखत आणि पोटॅश मापाने द्यायची, युरियाला मात्र हात आखडता.

"झाडाला लई चारलं की पानं मऊ पडत्यात," ती म्हणायची. "मऊ पानावर रोग आधी बसतोय."

तिचं फळ मध्यम असायचं, साल जाड. पण तेल्या रोगाने आजूबाजूच्या बागा बसल्या, त्या वर्षीही तिची बाग उभी राहिली होती.

यंदा उन्हाळ्यात राजाबाईची मूत्रपिंडं निकामी झाली. सयाजीने तिला सानपाड्याच्या खोलीवर आणलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी डाळिंब बंद केलं; त्यातलं पोटॅशियम तिला सोसणार नव्हतं.

"बघा की," ती हसून म्हणाली, "झाडाला पोटॅश लागतंय, आनि मला त्येच चालत न्हाई."

तिचं मागणं एवढंच होतं. थंडीत फळ उतरवायच्या वेळी तिला बागेत न्यायचं. तिच्याकडे फार दिवस नाहीत, हे दोघांनाही कळत होतं.

बाग पुतण्या शिवतेजकडे होती. राजाबाई त्याला फोनवर खताचं माप सांगायची. सयाजी बाजारातून परत त्यालाच फोन लावायचा.

"काकी सांगते ते राहू दे. युरिया दुप्पट टाक."

"तात्या, काकीला कळलं तर?"

"झाडं बघून खूश व्हईल. एकदा तरी तिचं फळ वरच्या थरात बसू दे."

आषाढात बाग गर्द हिरवी झाली. शिवतेजने पाठवलेला व्हिडिओ सयाजी गाळ्यागाळ्यावर दाखवत फिरला. जोडीचा माथाडी चंद्रशेखर म्हणाला, "सयाजीराव, बागाईतदार झालात. आता पेट्या आमीच उचलायच्या काय?" सयाजी दिवसभर खुशीत होता.

श्रावणात आभाळ धरून राहिलं. त्या मऊ, लुसलुशीत पानांवर आधी तेलाचे शिंतोडे पडल्यासारखे डाग आले, मग फळांवर आले आणि फळं डागावरच तडकू लागली. फवारण्या झाल्या, उपयोग झाला नाही. कृषी सहायकाने बाग पाहून सांगितलं, "रोग कदाचित आलाही असता. पण युरियातून नत्र इतकं दिलंत की झाडांत दमच उरला नाही." दसऱ्याआधी सगळी झाडं उपटावी लागली.

सयाजीने घरी चकार शब्द काढला नाही; शिवतेजलाही काकीला सांगू नको म्हणून बजावलं. राजाबाई विचारायची, "फळ केवढं झालं?" तो हाताने दाखवायचा. व्हिडिओ मागितला की गावात रेंज नाही म्हणायचा. पुढे तिला प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

मार्गशीर्षात तिने बागेतल्या डाळिंबाचा धोशाच लावला. "मला खायचं न्हाई. नुसतं हातात द्या."

सयाजीने बाजारात अर्धा तास पेट्या धुंडाळल्या आणि त्यातलं सगळ्यात मोठं, चकचकीत डाळिंब आणून तिच्या ओंजळीत ठेवलं.

"आपल्या बागेतलं. शिवतेजने पाठवलंय."

तिने ते फिरवून पाहिलं. सालीवर अंगठा दाबला.

"ह्ये आपलं न्हाई."

"अगं, आपलंच."

"फुगवलेलं हाय. साल बघा, कागदावानी." तिने वर पाहिलं. "अवो, बागंचं काय झालं?"

सयाजी जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. युरियाचं, दुप्पट मापाचं, श्रावणातल्या डागांचं. शिवतेजचा दोष नाही, हेही सांगितलं.

राजाबाईने विचारलं, "झाडं जाळली का? का बांधावर टाकली?"

"जाळली."

"मुळासकट?"

"व्हय. मुळासकट."

"बरं केलं. शेजारच्याची तरी ऱ्हाईल."

डाळिंब तिने उशाजवळ ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ती दीड महिना होती. शिवतेजचा फोन आला की म्हशीचं विचारायची, विहिरीच्या पाण्याचं विचारायची. सयाजी शेजारी कान देऊन बसायचा. तिने एकदा तरी बागेचं नाव काढावं आणि आपल्याला शिव्या घालाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. तिने ते नाव काढलं नाही.