दोन्ही हातांचं झाकण

माझ्या मोठ्या साडूंइतका अपघातावर मनापासून विश्वास असलेला माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात शोधून सापडणार नाही. बाकीचे लोक देवावर हवाला ठेवून घराबाहेर पडतात. साडू बाहेर पडतात ते आज काय काय कोसळू शकतं, तुटू शकतं आणि अंगावर येऊ शकतं, याची मनात उजळणी करून. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये त्यांनी सगळी नोकरी सेफ्टीचा माणूस म्हणून काढली. पत्रे दाबायच्या त्या राक्षसी मशीनांच्या गर्दीत त्यांच्या शिफ्टला कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नाही, हा त्यांचा खरा अभिमान. रिटायर होताना कंपनीनं त्यांचं हेल्मेट परत घेतलं, पण त्याखालचं डोकं तसंच राहू दिलं, आणि तिथून घरच्यांचे हाल सुरू झाले.

आकुर्डीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली आहे. चपला पट्टीच्या आत, माणसं बाहेर. पंखा पुसायचा तर शिडी धरायला एक जण लागतो आणि धरणाऱ्यावर लक्ष ठेवायला दुसरा. लग्नकार्याला निघताना सगळ्यांना दाराशी रांगेत उभं करून आधी सूचना मिळतात, आणि कार्यालयात पोचल्यावर नवरीच्या आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा पाहिला जातो. माझ्या नातवाच्या बारशाला तर त्यांनी पाळण्यात आधी गव्हाचं पोतं निजवलं आणि ते शांतपणे झुलवत बसले. बायका गाणी म्हणायला जमलेल्या, मुहूर्त टळत चाललेला. मी दबक्या आवाजात म्हणालो, "दादा, आवरा की आता." त्यांनी पाळण्याच्या आढ्यातल्या हुकावरची नजर न काढता उत्तर दिलं, "बाळ थांबेल हो साडूभाऊ, हुक कुणासाठी थांबत नसतो."

अशा माणसानं हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी पाण्यानं तुडुंब भरून ठेवावी आणि तीही उघडी, हे मला कधी उमगलं नाही. मासे हा त्यांचा एकमेव बेसावधपणा. त्यातले सिल्व्हर शार्क नावालाच शार्क. स्वयंपाकघरात उलथनं पडलं तरी दचकून टाकीबाहेर उडी घेणारे. साडू बहुतेक वेळा कामावर, त्यामुळे फरशीवरचा मेलेला मासा उचलायची पाळी नेहमी ताईंवर यायची. ताई म्हणजे साडूंच्या मिसेस, माझ्या बायकोची थोरली बहीण. साडू रिटायर झाले त्याच महिन्यात सोफ्यामागे वाळून गेलेला एक चंदेरी मासा सापडला आणि ताईंचा धीर सुटला. "आता आणखी एक जरी मासा फरशीवर दिसला ना, तर ही टाकी ताथवड्याच्या कॉलेजच्या पोरांना देऊन टाकीन. सांगून ठेवते!"

साडूंचा चेहरा उतरला. कंपनी गेल्यावर सकाळी उठून ज्याच्याकडे जावं असं त्यांना तेवढं एकच काम उरलं होतं. टाकी गेली असती तर हा माणूस त्या पिवळ्या पट्टीकडे बघत बसला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

माझं तळवड्याला छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे टाकीला झाकण करायचं ठरल्यावर मदतीला मलाच बोलावणं आलं. मी टेप काढली तर त्यांनी ती मिटून ठेवली आणि टाकीच्या पुढच्या काचेवरून दोरा ताणून धरला. दोरा मधोमध काचेला टेकला आणि दोन्ही टोकांना फट राहिली. "बघितलं? पाण्याच्या जोरानं काचेला पोट सुटलंय. आधी मधली आडपट्टी, मग झाकण. पोट सुटलेल्याच्या डोक्यावर ओझं द्यायचं नसतं." हे म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे का पाहिलं ते माहीत नाही.

मग मासे पिंपात गेले, पिंपाला जाळी बांधली गेली. पाणी अर्ध्यावर आणून त्यांनी स्क्रूनं आवळायच्या लांब शिकंज्यानं पुढची आणि मागची काच हळूहळू जवळ ओढली. दर आट्याला दोरा लावून बघायचे. दोरा टोकापासून टोकापर्यंत टेकला तेव्हा वरती आडवी काचेची पट्टी सिलिकॉननं चिकटवली. त्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास घरभर सुटला आणि ताईंनी लोणचं बिघडलं म्हणून सगळ्या बरण्या उघडून पाहिल्या. टाकीवर लाल पाटी लागली: काम चालू, हात लावू नये. दुसऱ्याच दिवशी मी म्हणालो, "वाळलंय की दादा, भरा पाणी." त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. "वरून वाळलंय. आतून वाळलंय का, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. थांबायचं." आठवडा थांबवलं त्यांनी. मग बादली-बादलीनं पाणी चढलं, आणि काच दोऱ्याला धरून सरळ राहिली. खरं सांगतो, मलाही मुलगा पास झाल्यासारखं वाटलं.

झाकण मात्र त्यांनी स्वतःच केलं आणि पुरं होईपर्यंत मला बघू दिलं नाही. त्यासाठी आम्हा उभयतांना रविवारी चहालाच बोलावलं. दिवा बसवलेलं, कडेकोट, देखणं झाकण होतं. दोन टोकांना दोन स्प्रिंगच्या मुठी. "आमच्या प्रेसचीच सिस्टीम," साडू म्हणाले. "दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय मशीन चालत नाही. हात आत जायला शिल्लकच राहत नाही, मग बोट जाणार कुठलं?" त्यांनी हात फाकून दोन्ही मुठी ओढल्या. झाकण डौलात उघडलं. एक मूठ सोडली की खटकन मिटत होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आणि भाऊजी, खाणं कुठल्या हातानं घालायचं?" माझ्या बायकोनं विचारलं.

साडूंनी उजव्या हाताकडे पाहिलं. मग डाव्या. सगळ्या नोकरीत ज्या हातांना त्यांनी आत जाऊ दिलं नाही, ते दोन्ही हात मुठी धरून तसेच उभे राहिले. आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. शेवटी ताईच "काय बाई एकेक" म्हणत उठल्या, डबीतून चिमूटभर दाणे घेतले आणि नवऱ्याच्या दोन हातांमधून वाकून पाण्यात टाकले. मासे झेपावून वर आले. ताई दोन पावलं मागे सरल्या आणि मग पुन्हा पुढे येऊन बघत राहिल्या.

दिवाळीनंतर मी ड्रिल घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, झाकणाला वरून एक भोक पाडून देतो, दाणे टाकण्यापुरतं. दहा मिनिटांचं काम. साडू अंघोळीला गेले होते. ताईंनी माझ्या हातातलं ड्रिल घेऊन माझ्या पिशवीत परत ठेवलं.

"राहू द्या भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट... मी उठायची तेव्हा हे झोपलेले, मी निजायची तेव्हा हे निघालेले. आत्ता कुठं सकाळ-संध्याकाळ शेजारी उभे राहतात."

मी पिशवीची चेन लावली आणि चहा टाकायला सांगितला.