गयासभाईंची खंडेनवमी

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेजारच्या शेडमध्ये गयासभाई एक यंत्र बनवत. सिलिकॉनच्या ज्या चकत्यांवर मोबाइलच्या चिप तयार होतात, त्या धुण्याचं. जगात ते दोन-चार बड्या परदेशी कंपन्याच बनवतात, आणि त्यांच्याशी टक्कर घ्यायला निघाले कोण, तर ज्यांचा पत्रा पावसाळ्यात गळतो ते. मी हसलो. मी कुकरचे दांडे बनवतो आणि मला त्यातच घाम फुटतो.

गुजरातेतल्या एका नव्या कारखान्याने मात्र तयारी दाखवली. अट एकच, चाचणीत धुतलेल्या चकतीवर धुळीचा कण दिसता कामा नये. ही ऑर्डर गेली तर शेड बंद करायची, हे गयासभाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

चाचणी नेमकी खंडेनवमीला आली. गयासभाई दरवर्षी यंत्रांना झेंडूचे हार घालत, कुंकू लावत, नारळ फोडत. कामगारांचं मन राखलं पाहिजे, हा त्यांचा दंडक. हेड फिटर वैजनाथ, करमाडचे, शेजारी हात जोडून उभे राहत. यंदा हार-नारळ शेडबाहेर ठेवण्याइतकं शहाणपण गयासभाईंना होतं. पण यंत्र बिनपूजेचं कसं सोडायचं? पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्यांनी झाकणाच्या आतून कुंकवाचं बोट लावलं आणि लगेच स्पिरिटने पुसलं.

चकत्या आत गेल्या तेव्हा स्वच्छ होत्या. बाहेर आल्या तेव्हा तपासणीच्या पडद्यावर गोवर उठला होता. साहेब मंडळी सभ्य, नारळाचा प्रसाद खाऊन गेली. ऑर्डर परदेशी कंपनीला मिळाली.

झाकणाच्या रबराखाली लाल रेघ सापडली, तेव्हा गयासभाई वैजनाथांकडे वळले.

"वैजनाथभाऊ, तुम्ही बघत होते ना? रोकायचं तरी."

"म्हाईत होतं मला. आमच्या घरी बी कुणी एवढं करत नाय. पर तुम्ही दरसाल लई हौसेनं करता. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटंल."

"हौस? मी तर तुमच्यासाठी करत होतो."

मला दोघांचाही राग येतो. इतकी वर्षं एकमेकांना एवढं जपलं, की खरं बोलायची वेळच आली नाही.

शेड आता भाड्याने द्यायची आहे. तशी पाटी वैजनाथांनी स्वतः रंगवली. गयासभाईंना ती बघवणार नाही, म्हणून मागच्या भिंतीला लावली. तिकडे कुणीच जात नाही.